शकूच्या ऑपरेशनची सही

दौलता,

शकूला पुण्याच्या दवाखान्यात ठेवून घेतलं आहे. तिची दोन लुगडी न्यायला आले होते, लगेच परत निघाले.

चैत्रात तिचा गर्भ पडला, तेव्हा द्राक्षांच्या घोसासारखं काही पडलं होतं. लोक नावं ठेवतील म्हणून मी ते परसात पुरलं आणि तुलाही सांगितलं नाही. तेव्हापासून तिच्या अंगावरून जात होतं. मी तिला नुसती बाजूला बसवत राहिले. माझी चूक झाली.

आज डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. दिवस गेलेत का ते कळायला त्यांनी तिची लघवी बेडकाला टोचून पाहिली. पोटात मूल नाही, तरी खूण मुलाचीच आली. त्या घोसाचा अंश आत राहून त्याचा कॅन्सर झालाय, असा क्वचित एखादीलाच होतो, म्हणाल्या. गर्भाची पिशवी काढली तर वाचेल, पण मग मूल होणार नाही.

शकूनं मला एवढंच विचारलं, "आत्याबाई, मग हे दुसरी करत्याल का वो?" मी म्हटलं, "माझा दौलता तसला न्हाई."

कागदावर मी माझं नाव लिहिलं, पण सही नवऱ्याचीच लागते. कारखान्यातून आलास की भाकरी खा आणि तडक ये. सहीच्या आधी तिच्याजवळ बस. मी दिलेलं उत्तर तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

आई