बंद लाईनीतला करंट

४ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आईकडून दुपारची बस धरलीस, तेव्हा हे तिथल्याच टेकडीमागच्या खांबाखाली पडले होते आणि कुणाला पत्ता नव्हता. उजवा हात कोपरापासून काढला. भाजल्याचा वास माझ्या पदरातून जात नाही.

दुरुस्तीसाठी लाईन बंद होती, एवढंच हे सांगतात. मग करंट आला कुठून? सबस्टेशनवर यांचाच जोडीदार बारक्या होता. त्यानेच स्विच परत टाकला, दुसरं काय! तो शपथा घेतो. दिरांनी त्याला दवाखान्याच्या आवारात गाठून पान्याने दोन दात पाडले. मी अडवलं नाही, उलट माझी चप्पलही त्याच्या तोंडावर बसली. दीर म्हणतात, भावाचा एक गेला, याचे दोन्ही घेईन.

चौकशी वीस तारखेला आहे. तू कॉलेजात वीज शिकवतोस. बारक्या कसा खोटा ते चार ओळींत लिहून पाठव. जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस.

तुझी ताई

१३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सहाला मिळालं. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नव्हे. बारक्या खरं बोलतोय.

त्या सकाळी लाईट नव्हती, आईची टाकी कोरडी. पंपासाठी जनरेटरची वायर मी सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसली. घर तारेपासून तोडायला आधी मेन स्विच पाडायचा असतो. पाडला होता, असं मी चार दिवस स्वतःला पटवत होतो. पण निघताना तो चालूच दिसला होता.

ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचे घरापुरते करतो, एवढंच लोकांना ठाऊक. त्याला सासर-माहेर कळत नाही. उलट्या बाजूने घरचे व्होल्ट घाला, तो तितक्याच इमानाने त्यांचे हजारो करून तारेत सोडतो. वर्गात हे सांगताना मुलं हसतात, मीही हसतो. त्या ट्रान्सफॉर्मरवर आईचं एकच घर. आणखी चार असती तर भाराने जनरेटर गुदमरून बंद पडला असता. तो चालत राहिला, आणि भावोजींनी तारेला हात घातला.

त्यांनी आधी तारेवर, चुकून आलेला करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी टाकली असती तर, असंही मी एका मसुद्यात लिहिलं होतं. तो फाडला.

वीस तारखेला येऊन सगळं सांगेन. लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

तुझा भाऊ

१७ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद.

पत्र काल पोचलं. परवा दिरांनी बारक्याला सायकलवरून ओढलं आणि पहारीने त्याची दोन्ही मनगटं ठेचली. तू सहालाच लिहिलं असतंस तर ती शाबूत असती.

यांना वाचून दाखवलं. भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाले, “साखळी गाडीतच होती.”

मग मी बारक्याच्या खाटेशी गेले. त्याची बायको मला उभं करेना. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं, शेजारच्या खाटांना ऐकू जाईल असं. मी वाचलं.

पोलीस दिरांना शोधतायत. काल दीर मागच्या दाराने येऊन गेले. त्यांच्यापासूनही मी लपवलं नाही. ऐकून घेतलं, पाणी प्यायले, पहार उचलली आणि तुझी बस किती वाजता येते ते विचारलं.

ये म्हणायला भीती वाटते, येऊ नको म्हणायची लाज वाटते. स्टँडवर मी उभी असेन. चौकशीच्या खोलीपर्यंत तुझ्यापुढे चालेन. पहिला घाव ज्याच्यावर पडायचा त्याच्यावर पडो.

ये.

तुझी ताई