मुका कीबोर्ड

रत्नागिरी, १२ नोव्हेंबर २००६, रविवार

अण्णा,

गणपतीनंतर तुम्हाला काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफी मागते. वही रोज उघडली. ग्रंथालयात कोण रागावलं, बाजारात बांगडा कसा मिळाला, पाऊस कधी थांबला, हे सगळं लिहिलं. पण तुमच्या नावाने एक ओळ नाही. वेळ मिळाला नाही असं म्हटलं तर ते खरं नव्हे. जे सांगायचं होतं तेच सांगायला जड जात होतं. तुमचा कीबोर्ड परत आलाय. पण तो घरातून गेला होता हेही तुम्हाला माहीत नाही, तेव्हा मुळापासून सांगते.

तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा मी बी.ए. होऊन नोकरीची वाट बघत घरी होते आणि दुपारी तुमचा डबा घेऊन यायचे. कॉम्प्युटरच्या त्या एसी खोलीच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत. धूळ आत जाऊ नये म्हणून. पण हॉलमधल्या मंडळींना तेवढं निमित्त पुरे होतं. तुम्ही वाकलात की कोणीतरी ओरडायचंच, "अण्णा, नारळ घेतलात ना? रिकाम्या हाताने जाऊ नका देवापुढे!" आणि दुसरा, "प्रसाद नको आम्हाला, थोडी गार हवा सोडा बाहेर!" तुम्ही हसायचात. मीही हसायचे. त्या थट्टेत राग किती होता हे मला उशिरा कळलं. मशीन आपलं काम खाणार अशी सगळ्यांना धास्ती होती, आणि शिकायला कोण तयार आहे असं विचारल्यावर हात वर केला होता तो एकट्या तुम्ही. घरी तुम्ही हे कधी बोलला नाहीत. मला ते दाराबाहेरच्या बाकावरून दिसलं. चहाचा ट्रे हॉलभर फिरतो, तुमच्या काचेच्या दारापाशी येतो आणि वळून जातो. तुम्ही मान वर करत नाही.

मी त्या बाकावर बसलेय. काचेतून तुमची पाठ दिसते, पलीकडे हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि दाराच्या फटीतून आवाज येतो. टक्. प्रत्येक बटणाला एक टक्. तीन-चार लागोपाठ, मग थांबणं, कारण तुम्ही चष्मा वर करून कागदावरचा आकडा पुन्हा बघताय, मग कडेचं मोठं बटण, जरा जोराने. एका शनिवारी हॉल रिकामा असताना तुम्ही मला आत बसवलंत. मी एकेक अक्षर शोधत होते. "बोटांकडे काय बघतेस गो? ती कुठे पळून जाणारेत? पडद्याकडे बघ." मग माझ्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं आणि अख्खी ओळ पुसली गेली. "हे खेळणं नव्हे, लोकांची बिलं आहेत," म्हणालात आणि मला उठवलंत. घरी जाताना मात्र मांडवीवर नेऊन भेळ खायला घातलीत, आणि पुसलेल्या ओळीबद्दल एक शब्द काढला नाहीत. खंडेनवमीला तुम्ही त्या कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं, त्यावरून साहेब चिडले होते. कुंकू बटणांच्या फटीत उतरलं. ते अजून तिथे आहे.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी, अठ्ठ्याण्णव साली, ऑफिसात नवी मशिनं आली आणि जुनं सगळं भंगारात निघालं. तेव्हा एक गृहस्थ दारात उभे राहिले, तुमच्या हॉलमधले, नारळाची थट्टा करणाऱ्यांपैकीच. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कीबोर्ड. "कुंकवावरून ओळखला," म्हणाले. "अण्णांचा तो. भंगारात जायला नको वाटला." आईने चहाला बसा म्हटलं तर बसले नाहीत. टर्मिनलचं, म्हणजे कीबोर्ड जोडलेल्या त्या हिरव्या पडद्याच्या डब्याचं विचारलं, तर ते आधीच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरच्या भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काच फोडली बाय, तांबं काढलं. डबा हवा तर हाय, पण कोंबडी बसलीय त्यात." खरंच बसली होती. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने परत फिरले.

त्यानंतर मारुती मंदिराजवळ इंटरनेटचा कॅफे निघाला आणि माझा शोध सुरू झाला. हे तुम्हाला कसं समजावू? जगात माणसं आहेत, अण्णा, जी जुने कीबोर्ड आणि टर्मिनल शोधत असतात. त्यांची लिलावाची पानं असतात, चर्चेच्या जागा असतात. कोणी पिवळ्या पडलेल्या बटणांचे फोटो टाकतो, ते वरून खाली एकेक पट्टी उघडत येतात, आणि मी जीव मुठीत धरून बघत बसते की मॉडेल तेच आहे का. बहुतेक वेळा नसायचं. असलं तर अमेरिकेत असायचं, आणि खाली लिहिलेलं असायचं की एवढं वजन परदेशी पाठवणार नाही. कॅफेवाला म्हणायचा, "मॅडम, लोक येऊन नवे कॉम्प्युटर बघतात. तुम्ही पैसे भरून भंगार बघता." आईला वाटायचं मी स्थळं बघते. ती जाईपर्यंत मी तिचा तो गैरसमज मोडला नाही.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमचा आवाज मला आठवत नाही. तुमची वाक्यं आठवतात, वर लिहिलीच आहेत, पण ती आता माझ्याच आवाजात ऐकू येतात. घरात टेपरेकॉर्डर होता. तुम्ही त्यापुढे कधी बोलला नाहीत आणि बोला असं आम्हाला सुचलं नाही. फोटोंत तुमचे ओठ मिटलेले आहेत. काचेआडून येणारी ती टक्टक मात्र जशीच्या तशी डोक्यात आहे, मधल्या थांबण्यासकट. आपल्या बापाचा आवाज विसरावा आणि यंत्राचा लक्षात ठेवावा, यात माझ्या प्रेमात काही कमी होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.  पण जे उरलंय ते तरी पुन्हा ऐकावं, एवढंच हवं होतं. आणि तुमचा कीबोर्ड तर मुका होता. घरी कितीही बटणं दाबली तरी नुसती धप्प अशी दबकी हालचाल. मला वाटायचं, खाऱ्या हवेने आतून गंजला.

गंजलेला नव्हता. ते मला गेल्या वर्षी न्यूझीलंडमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने सांगितलं. ते शाळामास्तर होते, आता निवृत्त आहेत, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये नेमकं तुमचं टर्मिनल आहे. चालू. फक्त त्याचा कीबोर्ड हरवलाय. त्यांनी लिहिलं की टक् हा आवाज बटणाचा नसतोच. बटण दाबलं की निरोप टर्मिनलला जातो, आणि टर्मिनल उलट कीबोर्डमधल्या छोट्या भोंग्याला सांगतं की वाज. दोघं जोडलेली असली तरच आवाज. मी नोकरी करते त्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर ते वाचलं आणि शब्द न् शब्द कागदावर उतरवून घेतला.

म्हणजे अर्धं त्यांच्याकडे आणि अर्धं माझ्याकडे. टर्मिनल इकडे येणं शक्य नव्हतं. काचेची नळी, ओंडक्यासारखं वजन. जाऊ शकत होता तो कीबोर्ड. त्यांनी सुचवलं की तो त्यांना कायमचा द्यावा, ते जोडून आवाज टेप करतील आणि मेलने पाठवतील. "तुझे वडील कसे टाइप करत ते लिहून पाठव," असंही म्हणाले, "मी तसं करून बघेन." मी लिहून पाठवलं: तीन-चार भरभर, मग कागद बघण्याएवढं थांबणं, मग मोठं बटण जोराने. त्यांनी विचारलं, कागद बघण्याएवढं म्हणजे किती? मी घरी येऊन एक जुनं बिल समोर धरलं, चष्मा वर केला आणि आकडा वाचला, तर डोक्यातल्या थांबण्याच्या निम्माच वेळ भरला. तेव्हा मला इतकी वर्षं ठाऊक नसलेली एक गोष्ट कळली, की तुम्ही आकडा दोनदा वाचत होता.

पाठवायचा की नाही यावर मी पावसाळाभर घोळत राहिले. ज्यावर तुमची बोटं फिरली ती वस्तू द्यायची, आणि त्याबदल्यात परक्या माणसाने केलेली तुमची नक्कल घ्यायची. पण न द्यावं तर माझ्याकडे काय राहणार? एक मुका पाट. गणपती झाले आणि मी ठरवलं. पॅकिंगला खालच्या घरातले चाचा आले. जन्मभर जहाजावर होते, आता मोसमात आंब्याच्या पेट्या भरतात, नाजूक माल बांधणं त्यांच्याइतकं कोणाला जमत नाही. मी कसल्या खोक्यात घालू असं विचारल्यावर त्यांना राग आला. "खोका? हापूस दुबईला जातो तो काय खोक्यात जातो काय गं? लाकडाची पेटी घे, खाली भाताचा पेंढा, वर पेंढा, कडेला पेंढा. आंब्याला डाग पडत नाय, तर तुझ्या ह्या पाट्याला काय होतंय?" कीबोर्ड सरळ मावेना, तिरका बसला. चाचांनी माळ्यावरचा पेंढा मूठमूठ झटकून असा लावला की पेटी हलवली तरी आत काही हलेना. मग मी पेटी मांजरपाटात शिवली, टाक्यांवर लाख लावली, आणि पोस्टात नेऊन दिली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काय आहे आत? आंबे?" मी म्हटलं, "नाही, वडिलांची वस्तू." त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवली.

मागच्या महिन्यात पोस्टमन पेटी घेऊन दारात आला. "ताई, परदेशातून पार्सल!" मी हात पुसत धावले, तर वर माझंच अक्षर. पेटी जाड प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली आणि त्यावर चिठ्ठी: आत भाताचा पेंढा आणि कच्चं लाकूड आहे, त्यातून किडे आणि रोग देशात येऊ शकतात, म्हणून माल स्वीकारता येत नाही. चाचांना वाचून दाखवलं. ते किती तरी वेळ चिठ्ठी उलटीसुलटी करत राहिले. "पेंढ्याला घाबरतात? अगं, त्यांच्या गाई काय बिस्किटं खातात?" मग हळूच म्हणाले, "माझ्यामुळे झालं गं बाय." मी म्हटलं, चाचा, एवढ्या लांब जाऊन आला तरी एक बटण सैल झालेलं नाही, बघा. ते बघून त्यांचा चेहरा थोडा सुटला.

आता जे सांगायला जड जात होतं ते. पेटी उघडून कीबोर्ड मांडीवर घेतला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला, अण्णा. एखादं माणूस गाडी चुकून घरी परत यावं तसा. त्या दिवशी मी दोन माणसांचा भात टाकला आणि मग माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मास्तरांचा मेल येऊन आता दोन आठवडे झालेत. पार्सल परत लावल्याचं तिकडून त्यांनाही कळवलंय; ते परत पोचलं का, पुन्हा पाठवणार का, असं विचारतायत. त्यांची बायको यंदा गेली. घर विकून ते मुलीजवळच्या लहान जागेत जाणार आहेत, तिथे गॅरेज नाही. नाताळानंतर टर्मिनल कुठेतरी द्यावं लागेल. "तोपर्यंत मी रोज एकदा चालू करून ठेवतो," असं लिहिलंय. मी उत्तर दिलं, "आमच्याकडे परदेशी टपाल फार उशिरा येतं." हे वाक्य खरं आहे. उत्तर म्हणून ते खोटं आहे. त्यांना वाटतंय पेटी अजून परतीच्या वाटेत आहे, आणि ते त्या गॅरेजमध्ये हिरव्या अक्षरांचा पडदा चालू करून बसतायत.

मी ते का लिहिलं, याचा इतके दिवस विचार केला. आधी वाटलं, वस्तूचा मोह. मग वाटलं, तो आवाज तुमच्यासारखा नसला तर, ही भीती. पण आवाज तुमच्यासारखाच निघाला, तर मग मी काय शोधू? आठ वर्षं मी संध्याकाळी कुठेतरी जात होते, काहीतरी उघडून बघत होते. ज्यांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत अशी माणसं मला "सापडलं का?" असं विचारत होती. या गावात मला तो प्रश्न दुसरं कोणी विचारत नाही. मला तुम्हाला पुन्हा ऐकायचं आहे म्हणून शोधतेय असं मी म्हणत आले; त्यातलं किती तुमच्यासाठी होतं आणि किती माझी संध्याकाळ जावी म्हणून, हे मला आता नक्की सांगता येणार नाही.

पण तिकडे एक माणूस रोज यंत्र सुरू करून वाट बघतोय, हे मला सहन होत नाही. आज संध्याकाळी कॅफेत जाऊन त्यांना खरं काय ते लिहिलं. पार्सल केव्हाच आलंय, मीच दडवलं, असं. त्यांचं एवढ्या लवकर उत्तर आलं की तिकडे मध्यरात्र उलटून गेली असणार. "ठीक आहे," एवढंच, आणि खाली, "यावेळी गवत नको." मी एकटीच मोठ्याने हसले.

हे तुम्हाला वाचता येणार नाही आणि मी कुठे टाकणारही नाही, वहीतच राहील. दुकानं आज बंद आहेत.

उद्या: थर्मोकोल आणणे.