नाडी बांधलेले वेडर्स

शनिवार, जुलै. संध्याकाळ, तंबूबाहेर

मंदार आज म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी तू मार्कहॅमला घरीच राहा. गुडघा बदललाय तुझा." मुलगाच आहे, काळजीनेच बोलतो. पण खुर्ची उलगडून देता देता?

वीस वर्षं याच नदीकाठी खुर्चीत बसून मी सँडविच बांधले. हे पाण्यात गळ टाकून, मी काठावर. मला कधी कुणी विचारलं का? आणि मीही कधी म्हटलं का?

म्हणून आज यांचे पाण्यात उतरायचे रबरी वेडर्स चढवले. हे जाऊन तीन वर्षं झाली, तरी मंदार दर वेळी गाडीत टाकतोच. छातीपर्यंत येतात, आणि माझ्यासारख्या दोघी मावतील एवढे ढगळ. सलवारीची नाडी ओढून काढली आणि कमरेला आवळली. नात हसली, "आजी, यू लुक लाइक अ बलून."

"बलून बुडत नाही," म्हटलं आणि यांचा रॉड घेऊन पाण्यात उतरले.

शाळेत असताना ओढ्यात पाय घातला म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी तासभर उभं केलं होतं. आज आपणहून उभी राहिले, बर्फासारख्या पाण्यात.

बऱ्याच वेळाने ट्राउट मासा गळाला लागला. मंदार धावत पाण्यात आला. "आई, रॉड दे इकडे."

"नाही देणार."

ओल्या हातांनी मासा धरला, अंगावरचे ठिपके पाहिले आणि सोडून दिला. हे सोडायचे, तसाच.

मंदारने वाकून माझ्या नाडीची गाठ तेवढी घट्ट केली.

वेडर्स दोरीवर वाळताहेत. सलवार पिनेवर टिकून आहे. पुढच्या वर्षी जास्तीची नाडी आणणार.