समुद्राकाठी खोली मिळाली

आईला आणि बाबांना करुणाचा तारकर्लीहून जय भीम.

मी सुखरूप पोहोचले. आई, काळजीनं जेवण सोडू नकोस.

चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की हॉटेलवाले खोली न्हाई म्हणायचे, तुला ठाऊकच हाय. शेवटी निवास-न्याहारीवाल्या एका मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "खुर्चीची रुंदी सांग गो, मी दार मोजतंय." दार बराबर पुरलं. पायरी आडवी येत होती, तिथं त्यांनी सिमेंटचा उतार करून घेतला.

आज कुणी न ढकलता मी अंगणात गेले आणि घावनं खात समुद्र पाहिला. तळहात थोडे सोललेत, पण तकलीफ न्हाई.

तुझी कंबर कशी हाय? "माझ्याबिगर तू कुठं जाशील?" असं तू मला म्हणायचीस. शेतातली हळद निघाली की मीच तुला इथं घेऊन येते.

तुझीच,
करुणा