पप्पा, आदी तुमी चढा

मंगळवार, १८ नोव्हेंबर. कोळवण.

अंगणात लेकीच्या व्यायामासाठी मी स्वतः केलेल्या वस्तू: लोखंडी शिडी, झोका, लोंबकळायचा दांडा. वेल्डिंग कुणी शिकवलं नाही, तरी एकही जोड वाकडा नाही. पण सईचं वाढलेलं वजन तेवढंच. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सात वर्षांच्या पोरीला एकटीला पथ्य लावू नका, सगळ्या घरानं बदला. मी नुसत्या वस्तू केल्या. बदललो कुठं?

आज तिला शिडीवर चढ म्हणालो, तर म्हणते, "पप्पा, आदी तुमी चढा."

बायको हसली. "शिडी टिकंल न्हवं?"

चढलो. जोड हलला नाही, धाप मात्र लागली. मागोमाग सई पार वरपर्यंत आली!

म्हणजे संध्याकाळी मी घरीच हवा. फार्महाऊसवाल्या साहेबांनी रोज संध्याकाळचं वेल्डिंगचं काम देऊ केलं होतं. आत्ताच फोन करून नको म्हणालो. महिना अठरा हजार.