साधी गाठ

३ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. नमस्कार.

तू शिवलेला शर्ट बसला, फक्त बाह्या आखूड. तुझी चूक नाही, मीच ताडमाड वाढतोय.

आता खरी बातमी. माझी डावी नाकपुडी परत बंद झाली आहे, गेल्या वर्षी ऑपरेशनआधी व्हायची तश्शी. सर्दी असेल म्हणून गप्प बसलो होतो. पण परवा दात घासताना नाकातून रक्त आलं, बेसिन लाल होईपर्यंत. आईला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की नाकातली गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, पण या वयाच्या मुलांत काढल्यावरही परत येऊ शकते. आईने त्यातलं ‘परत’ तेवढं ऐकलं. तेव्हापासून बस चालवणं सोडून ती डेपोच्या चौकशी खिडकीत बसते, फोन हाताशी हवा म्हणून. माझं पोहणं बंद, सायकल बंद, मित्रांकडे राहणं बंद. नुसतं शिंकलो तरी ही दारात हजर! हे कळलं तर श्वास घ्यायलाही परवानगी लागेल. तसाही तो अर्धाच येतोय.

लोभ आहेच, तो वाढव आणि तोंड बंद ठेव.

तुझा
गुरगुऱ्या

५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं, सप्रेम नमस्कार.

तुमची मशीन दुरुस्त झाली का? लग्नसराईच्या तोंडावर बंद पडली म्हणजे कठीणच.

एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगू? आपल्या पोराचं नाक पुन्हा बंद झालंय. तो बोलत नाही, पण मला कळतं. जेवताना घास तोंडात धरून मध्येच श्वास घेतो. ‘मला’ म्हणायला जातो आणि ‘बला’ म्हणतो. काल उशीचा अभ्रा स्वतः धुऊन वाळत घातला होता. ज्या पोराने आजवर स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्याने!

मी विचारत नाही. विचारलं की ते खरं होईल, असं वाटतं. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझी काय गत झाली होती, ते तुम्ही पाहिलंय. तुमचे दादा गेल्यापासून मला याच्याशिवाय आहे कोण? खिडकीत बसून दिवसभर कुठली बस कुठे जाते ते लोकांना सांगते आणि माझं चित्त घरात अडकलेलं असतं. घरी आले की तो हसतो, मी हसते. दोघंही कोंडल्यासारखे.

त्याला यातलं काही कळू देऊ नका. माया असू द्या.

तुमची
वहिनी

९ फेब्रुवारी

चि. गुरगुऱ्यास अनेक आशीर्वाद, आणि त्याच कागदावर वहिनींना नमस्कार.

हे पत्र दोघांनी एकत्र बसून वाचायचं. मोठ्याने वाचायचं काम वहिनींचं.

एकाच आठवड्यात दोघांची पत्रं आली. दोघांनी तेच लिहिलं आणि दोघांनीही मला गप्प बसवलं. इकडे आड तिकडे विहीर! मी नाही बाई कुठेच उडी मारणार. वहिनी, त्याचं नाक बंद आहे आणि रक्तही आलंय. आणि गुरगुऱ्या, तुझ्या आईला नाकाचं कधीच कळलंय. झालं. आता माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, पण आधी डॉक्टरांना फोन करा. शनिवारी मी येतेच आहे.

मोठ्यांना मान, धाकट्याला एक धपाटा.

आत्या

२ मार्च

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

तुम्ही गेल्यावर स्कॅनचा निकाल आला. गाठीचा लहानसा अंश कवटीच्या तळाशी राहिला होता, तो वाढलाय. डोळ्याच्या नसेला खेटून आहे, म्हणून लगेच कापायची घाई नको, असं डॉक्टर म्हणाले. दर काही महिन्यांनी स्कॅन करायचा. वाढतच राहिली तर पुन्हा ऑपरेशन. वय वाढलं की पुष्कळदा ती आपोआप मंदावते म्हणे. मी विचारलं, असं किती दिवस? त्यांनी सरळ सांगितलं की दोन वर्षं, तीन वर्षं, शब्द देता येत नाही. उद्याच कापू म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, इतकी मी वेडी.

पोहणं सध्या नको, बाकी कॉलेज, सायकल, मित्र सगळं चालू द्या म्हणाले. मग त्याला सहज विचारलं की आई काय करते. आपली आई बस चालवायची, असं तो म्हणाला. ते ‘चालवायची’ फार लागलं हो.

तुमच्यावर दोन दिवस रागावले होते. आता नाही.

वहिनी

२४ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. नमस्कार.

आई सोमवारपासून पुन्हा बस चालवायला लागली. आणि नेमकं त्याच दिवशी, मी घरात एकटा असताना रक्त आलं. शिकवल्याप्रमाणे पुढे वाकून बसलो, नाक चिमटीत धरलं, फोन मांडीवर ठेवला. थांबलं नाही तर अँब्युलन्स बोलवायची होती. थांबलं, पण फार वेळाने. आत्या, मी घाबरलो होतो. ‘साधी’ म्हणजे नक्की काय, ते डॉक्टरांना एकदा विचारायचं आहे.

आई आल्यावर सगळं सांगितलं. ती गणवेशातच खुर्चीवर बसली. किती वेळ आलं, चक्कर आली का, एवढंच विचारलं. मला वाटलं, झालं, उद्यापासून पुन्हा खिडकी. पण ती जेवली, आणि उद्या पहाटेची पाळी आहे, तुझा तू ऊठ, म्हणाली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. नळाच्या आवाजातही तिचं रडणं ऐकू येत होतं. मी दाराशी गेलो नाही.

सकाळी उठलो तेव्हा तिच्या चपला जागेवर नव्हत्या.

पुढचा स्कॅन जूनमध्ये. गाठ आहे तिथेच आहे, आम्हीही इथेच. तू येत राहा.

तुझाच
गुरगुऱ्या