बाहेर जाऊन परत घरी येता यावे याबाबत

दि. ११ जुलै, शुक्रवार

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
प्रवेश व सुरक्षा विभाग,
नौदल तळ.

अर्जदार : क्वार्टर क्र. ३/४७, नौसैनिक वसाहत (कुंपणाच्या आत)

विषय : तळाबाहेर गेल्यावर पुन्हा स्वतःच्या घरी येता यावे म्हणून कुटुंबाचे पास मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे दि. १६ जून व दि. २७ जूनचे अर्ज (दोन्ही परत आले). २) आपल्या विभागाची दि. १ जुलैची ताकीद. ३) वसाहत कार्यालयाचे दि. ८ जुलैचे पत्र.

महोदय,

१. माझे पती नौदलात असून जहाजाच्या इंजिन विभागात तंत्रज्ञ आहेत. त्यांची या तळावर बदली झाल्याने दि. २ जून रोजी ते, मी, आमची नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघे तेवीस खोकी घेऊन येथे दाखल झालो. अकरा वर्षांतली ही पाचवी बदली. बदलीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. खोकी कशी बांधायची, नव्या घरात पहिल्यांदा कोणते उघडायचे, मुलीला शाळेचे नाव पाठ होईपर्यंत शाळा बदलणार हे कसे सांगायचे, हे सर्व मला आता सवयीने जमते. हा अर्ज त्यासाठी नाही.

२. येताना गेटवर आम्हाला सात दिवसांचे तात्पुरते पास मिळाले. कायमचे पास आपल्या पास-कार्यालयात मिळतात. हे कार्यालय गेटच्या बाहेर, रस्ता ओलांडून समोरच आहे. दि. ४ जून रोजी माझे पती आम्हा तिघींना घेऊन तेथे गेले. तेथील साहेब रजेवर होते. कारकुनाने सांगितले, "सोमवारी या. साहेबांसमोरच तुम्हाला सही करावी लागते." सोमवारी नऊ तारीख होती. शनिवारी, सात तारखेला, माझ्या पतींचे जहाज निघाले. किती दिवसांसाठी, हे आम्हाला सांगितले जात नाही आणि आम्ही विचारतही नाही. निघताना ते मला म्हणाले, "पासचं तेवढं बघ गं. तू सांगितलंस की होईल." ते एवढ्या विश्वासाने म्हणाले की मलाही ते खरे वाटले.

३. रविवारी आमच्या पासची मुदत संपली. सोमवारी मी मुलीला घेऊन गेटवर गेले. पहाऱ्यावरील जवानाने आमचे कागद नीट पाहिले आणि अत्यंत सभ्यपणे सांगितले, "वहिनी, बाहेर जायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण परत आलात तर मला आत सोडता येणार नाही." मी म्हटले, "मी समोरच्याच कार्यालयात जातेय, पास काढायला." तो म्हणाला, "पतीच्या सहीशिवाय पास मिळेल का तुम्हाला?" मी म्हटले, "नाही." "मग तुम्ही जाऊ नका, वहिनी."

मी गेले नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत मी गेटबाहेर पाऊल टाकलेले नाही.

४. मी घरूनच पास-कार्यालयात फोन केला. कारकुनाने माझे म्हणणे ऐकून घेतले आणि विचारले, "पास संपलाय, तर तुम्ही आत आहात कशा?" मी सांगितले की मुदत संपली तेव्हा मी घरात होते, स्वयंपाक करत होते. ते म्हणाले, "ज्याला पास नाही तो माणूस आत असू शकत नाही, मॅडम. त्यामुळे तुमची तक्रार मला आतून आली असं लिहून घेता येत नाही. लेखी अर्ज करा." मी दोन अर्ज केले. समोरच्या क्वार्टरमधील वहिनी, ज्यांचे यजमान वायरलेस विभागात आहेत, त्यांच्या हाती ते पाठवले. दोन्ही वेळा 'अर्जदाराने समक्ष सादर करावा' असा शेरा मारून परत आले. पासवरचा फोटो काढणारे यंत्र आत आणता येईल का, अशी विनंती मी केली होती. ते भिंतीला पक्के बसवलेले आहे असे कळले. पतींची सही जहाजावरून मागवता येईल का, असेही विचारले होते. सही साहेबांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी, असे उत्तर मिळाले.

५. माझ्या सासूबाईंबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षे ऑपरेटर होत्या. दि. १९ जूनला सकाळी त्यांनी छत्री, चष्मा आणि माझ्या परत आलेल्या अर्जाची नक्कल उचलली. मी दारात आडवी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी सगळ्या गावाला एकमेकांशी जोडून दिलंय. एक कारकून मला काय अडवणार? तासाभरात येते. कुकर लावून ठेव." मी कुकर लावला. त्या तासाभरात आल्या नाहीत. कारकुनाने त्यांना ऐकून घेतले, पाणी दिले आणि मुलाला घेऊन या असे सांगितले. त्या गेटपर्यंत परत आल्या, तेव्हा त्या बाहेरच्या झाल्या होत्या.

गेले बावीस दिवस त्या गेटसमोरच्या शिंपीणबाईंकडे राहतात. या बाई नौसैनिकांचे गणवेश शिवतात. त्यांच्या दुकानामागे एक खाट आहे. सासूबाई नेसत्या कपड्यांनिशी गेल्या होत्या. आता दुसऱ्याच्या घरी फुकट बसणे नको म्हणून काज-बटणे करतात. आयुष्यात त्यांनी कधी सुई हातात धरलेली मी पाहिली नव्हती.

६. वसाहतीच्या मागे जेथे कुंपण रस्त्याला लागते, तेथे आम्ही संध्याकाळी पाच वाजता भेटू लागलो. फोन आहे, परंतु ज्या बाईने तीस वर्षे फोनवर घालवली तिला ते बोलणे बोलणे वाटत नाही. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी लागते. त्यांच्या गोळ्या घरात राहिल्या होत्या. जाळीची भोके लहान असल्याने गोळ्यांचे पाकीट त्यातून जात नाही, म्हणून मी एकेक गोळी काढून जाळीतून पलीकडे सरकवत असे आणि त्या तळहात धरून उभ्या राहत. मुलगी कुंपणाशी बसून पाढे म्हणत असे आणि आजी पलीकडून चुका काढत असे. हे आठ-नऊ दिवस चालले. त्या दिवसांत मला थोडे बरे वाटत होते, हे येथे नमूद करते.

७. त्यावर आपल्या विभागाची ताकीद आली. तीत 'कुंपणातून अज्ञात पांढऱ्या वस्तूंची देवाणघेवाण' आणि 'अल्पवयीन व्यक्तीमार्फत आकड्यांचे मोठ्याने पठण' अशी दोन कलमे आहेत. पांढऱ्या वस्तू म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या आणि आकडे म्हणजे सतराचा पाढा. ताकिदीची प्रत माझ्या पतींच्या जहाजावर पाठवण्यात आली आहे असे त्यात लिहिले आहे. म्हणजे सही मागवायला जे जहाज लांब होते, ते ताकीद पोचवायला लांब नाही. हे वाक्य उद्धट वाटल्यास क्षमा असावी. मी ते दोनदा खोडले आणि दोनदा पुन्हा लिहिले.

८. तेव्हापासून आम्ही कुंपणापासून ताकिदीत नेमून दिलेल्या तीस फुटांवर उभे राहतो. तेवढ्या अंतरावरून सगळे ओरडून बोलावे लागते. मुलीला ताप आला होता, घरात सिलिंडर संपत आला आहे, मी रात्री नीट जेवत नाही, हे सर्व आता संपूर्ण वसाहतीला आणि रस्त्यालाही ठाऊक आहे. गोळ्या समोरच्या वहिनी नेऊन देतात. त्यांनाही दोनदा विचारणा झाली, त्यामुळे त्या आता नजर चुकवतात. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचे यजमानही याच तळावर आहेत.

९. आमच्या क्वार्टरला दोन खोल्या आहेत. एका खिडकीतून दुरुस्तीच्या शेडची भिंत दिसते, दुसरीतून कुंपण. समुद्र दिसत नाही, पण काचेवर खारटपणाचा थर बसतो आणि मी तो रोज पुसते. तेवीसपैकी नऊ खोकी मी अजून उघडलेली नाहीत. दि. ८ जुलैच्या पत्राने वसाहत कार्यालयाने कळवले आहे की या क्वार्टरमध्ये वैध पास असलेली एकही व्यक्ती नसल्याने ते रिकामे समजले जाईल आणि दि. १५ जुलैपासून वीज तोडली जाईल. मी फोन करून विचारले की मग मी घर सोडून जाऊ का? त्यांनी सांगितले की क्वार्टरचा ताबा नौसैनिकाने स्वतः परत द्यायचा असतो. कुटुंब कुलूप लावून निघून गेले, तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. तेव्हा मी येथे राहू शकत नाही, आणि येथून गेले तर त्याची शिक्षा पतींना होईल.

१०. आता आजचे. तळाच्या आत शाळा नाही. बाहेरच्या शाळेत नाव घालण्याची आज शेवटची तारीख होती आणि मुलीने समक्ष हजर राहणे आवश्यक होते. आज नाव गेले नसते तर तिचे वर्ष वाया गेले असते. पाच बदल्यांत मी तिचे एकही वर्ष वाया जाऊ दिलेले नाही. काल संध्याकाळी मी तीस फुटांवरून सासूबाईंना ओरडून विचारले, "आई, मुलगी पाठवली तर सांभाळाल?" त्यांनी नुसती मान हलवली. एरवी त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जातो.

आज सकाळी मी तिचे कपडे, जुन्या शाळेचा दाखला आणि एक पांघरूण पिशवीत भरले. गेटवर तोच जवान होता. मी त्याला विचारले, "शाळा सुटल्यावर हिला आत सोडाल?" तो म्हणाला, "मला हे विचारू नका हो, वहिनी," आणि रजिस्टरमध्ये बघत राहिला. रस्त्याच्या पलीकडे सासूबाई उभ्या होत्या. मी मुलीला सांगितले की थोडेच दिवस आजीकडे राहायचे आहे. ती पिशवी घेऊन दोन पावले गेली आणि परत वळली. तिने विचारले, "आई, तू काय केलंयस? तुला एकटीलाच का ठेवलंय आत?"

मी तिला म्हटले, "जा, उशीर होतोय." नऊ वाजून दहा मिनिटांनी ती गेटबाहेर गेली. अकरा वाजता शाळेत तिचे नाव दाखल झाले, असा सासूबाईंचा फोन आला.

११. तरी विनंती की, माझ्या पतींची सही जहाजावरून मागवून घ्यावी, अथवा ते परत येईपर्यंत आम्हा तिघींना तात्पुरते पास द्यावेत, आणि तोवर वीज तोडू नये. हा अर्ज मी समक्ष सादर करू शकत नाही, ते कृपया समजून घ्यावे.

यांपैकी काहीच शक्य नसल्यास एवढे तरी करावे : मुलीने मला जे विचारले, त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. ते आपल्या कार्यालयाने लेखी द्यावे. ती चौथीत आहे. स्वच्छ अक्षरात लिहिले तर तिला वाचता येते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार

सोबत : संपलेले तात्पुरते पास (तीन). परत आलेले दोन अर्ज, शेऱ्यांसह. ताकिदीची प्रत. वसाहत कार्यालयाचे पत्र. रक्तदाबाच्या गोळ्यांची डॉक्टरांची चिठ्ठी.